अंगणात वीस डोकी

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अरे बाळ्या, तू होय! थांब थांब, मोठ्याने बोल, दुकानात गर्दी आहे. … हां, आता बोल.

हो, ताईच. दुसरं कोण असणार? या अख्ख्या गल्लीत औषधाचं दुकान एकच आणि ते उघडायला तुझी बहीणही एकच. … जेवण कसलं, अजून चहा नाही झाला. गोळ्या कापतेय. … कापतेय म्हणजे कापतेय, कात्रीने. रक्तदाबाची एक पट्टी चार घरांत जाते. बोटाला घट्टा पडलाय, शिंप्यासारखा.

आई बरी आहे. मागच्या खोलीत पडलीय. … हो, तेच सांगणार होते. इन्सुलिन तळाला गेलं. उद्या सकाळचं टोचलं की कुपी रिकामी. आणि तिची एकटीची नाही, गल्लीत इन्सुलिनवर असलेल्या अकराही जणांची तीच गत. फ्रिज गच्चीवरच्या सोलरवर मजेत गारगार चालतोय आणि आत ठेवायला काही नाही. कालपासून फोनकडे डोळे लावून बसलेय. पाठवतोयस ना?

निघालं? … कधी? … अरे मग आधी सांगायचं ना! काका, सरका जरा, बसा त्या स्टुलावर, ड्रोन निघालंय तिकडून, औषध घेऊन. … काही नाही रे, ड्रायव्हरकाकांना सांगितलं. त्यांची बायको अकरातली. … किती वेळ लागेल? … दहा मिनिटं. बरं. मी जिन्यात जाऊन उभी राहते. जाळं तयार आहे गच्चीवर. फुटबॉलच्या गोलाचं, वेल्डरने चारही बाजूंनी पाइपाला आवळून बांधलंय. मागच्या वेळी खोका असा अलगद पडला की आतली एक कुपी फुटली नाही. पडला की शंभर मोजते, मग वर जाते. तू शिकवलंस तस्संच.

काय? … गच्चीवर नाही? … शाळेच्या अंगणात? का रे बाबा?

हो… हो… अरे पण… तू आधी बोलून घे.

झालं बोलून? आता माझं ऐक. नऊ खोके पाठवलेत, बरोबर. पहिले चार कोणी उचलले नाहीत, तेही बरोबर. अंगणात पडून उन्हात वाया गेले, माझ्या डोळ्यांसमोर. पण उचलणार कोण? वरून घूंऽऽ आवाज आला की इथे माणूस सोड, मांजर बाहेर थांबत नाही. तुझं औषध टाकणारं आणि टेकडीवरच्यांचं ते दुसरं टाकणारं, दोघांची घरघर एकच. … पांढरा रंग दिलास, माहितेय. रंग बघायला मान वर करावी लागते ना राजा! इथे आवाज आला की सगळ्यांच्या माना खाली. म्हणून तर जाळं लावलं. जाळं लावल्यापासूनचे पाचही मिळाले की नाही? एकूण एक?

म्हणजे काय, ‘नोंद नाही’? … कॅमेऱ्यात माणसं दिसली नाहीत, म्हणून खोके मिळालेच नाहीत? मग ते पाच खोके काय कबुतरांनी वापरले? आई जिवंत आहे ती कशावर?

तुझ्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. बरं. मॅडम आणखी काय म्हणाल्या?

हं… हं… यंत्र मोजणार? … खाली उभी असलेली माणसं मोजणार. आणि वीस डोकी भरली की आपोआप खोका सोडणार. … एकोणीस असली तर? … नाही सोडणार. आणि हे त्याला शिकवलं कोणी? … तू? … शाबास. तुला पाढे पाठ करायला मीच बसवायचे, म्हणजे या पापात माझाही वाटा आहे.

हाताने सोडता येत नाही का? … येतं, पण परवानगी मॅडमची. आणि त्या देत नाहीत. … का, आज काय आहे? … पाहुणे आलेत. देणगीदार. मोठ्या पडद्यावर बघतायत. … अच्छा. म्हणजे आमची माणसं धावत येताना त्यांना बघायचीत.

आणि धावत येणार कशी? आत्ताच सांगितलं ना तुला, आवाज आला की…

गाणं? कसलं गाणं? … यंत्रातून? … आइस्क्रीमच्या गाडीची धून. आपल्या लहानपणी दुपारची कोपऱ्यावर यायची, ती? तुला आठवते अजून? … तू बसवलीस. आठवून आठवून. …

अरे आहे मी, ऐकतेय.

कळलं रे, चांगल्या मनाने केलंस. घरची आठवण येते म्हणून केलंस. सहा वर्षं झाली तुला पुलापलीकडे शिकायला जाऊन. तुझ्या डोक्यात ही गल्ली अजून तशीच आहे, गाडी आली की सगळी पोरं बाहेर. पण बाळ्या, वेढा पडल्यापासून दीड वर्ष आम्ही एकच धडा गिरवतोय. आवाज आला की आत. मास्तरीणबाईंनी पोरांना मुळाक्षरं नंतर शिकवली, हे आधी शिकवलं. चाळीस पोरं आहेत शाळेच्या तळघरात. दहा मोजायच्या आत सगळी जिना उतरून खाली. किती मार खाऊन, किती रडून हे अंगवळणी पडलंय, आणि तू ते एका गाण्यात पुसायला निघालास?

आजचं सोड. आज तुझं यंत्र येईल, पोरं बाहेर येतील, खोका पडेल, तुमचे पाहुणे डोळे पुसतील. उद्या? उद्या हीच धून लावून दुसरं आलं तर? … का नाही येणार? समोरच्या टेकडीवर बसलेत त्यांना कान नाहीत? ऐकतील, फोनमध्ये भरून घेतील, झालं. याला काय तुझ्यासारखं इंजिनिअर व्हावं लागतं?

आणि वीस माणसं एका जागी! अरे, त्यांची यंत्रं दिवसभर दुसरं काय शोधत असतात?

मोठी माणसं उभी करू? कोणाला करू? नाव घे. तू सांग, मी त्यांच्या घरी जाऊन सांगते, की अमुक अमुक, माझ्या भावाच्या यंत्राला तुमचं डोकं हवंय. … आईसाठीच करतोयस, मान्य. पण आईचं नाव पुढे करून मला गप्प करायचं नाही हं, सांगून ठेवते. मी रात्रंदिवस तिच्याजवळ आहे. तू पडद्यासमोर आहेस.

किती राहिलं? … दोन मिनिटं? फोन धर. धर म्हणते ना!

मास्तरीणबाई! ओ मास्तरीणबाई! … दार लावा! … कडी घाला वरची! वरून गाणं वाजेल, कोणालाही सोडू नका! … हो, गाणं! … नंतर सांगते!

हां, बोल. … काय करतेय म्हणजे? तू बाहेर काढतोयस, मी आत घालतेय.

आलं बघ. ऐकू येतंय. … हो, तीच धून. अगदी तीच. हलकट आहेस तू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

थांब. … अगं ए! ए चिमणे! कुठे निघालीस? आत जा! आत! … काका, धरा तिला… अहो ती अंगणाकडे…

फोन ठेवतेय टेबलावर, कापू नकोस…

…

…

हॅलो… आहेस? … श्वास लागलाय, थांब. … धरली. फ्रॉकला धरून ओढली, मास्तरीणबाईंच्या हाती दिली. वेल्डरची धाकटी, चार वर्षांची. न्हाणीघरात होती, म्हणून तळघरात गेली नव्हती. अंगणाच्या मधोमध उभी, दोन्ही हात वर करून. हिने आइस्क्रीमची गाडी जन्मात पाहिली नाही, बाळ्या. कोणी सांगितलंही नाही तिला. तरी धावली. तुझी धून चालते बरं का. फार छान चालते.

ओरडू नकोस, लागलं नाही कोणाला. माझं ढोपर फुटलंय, बस्स. … काय? पडद्यावर ‘दोन’ दिसलं? … एक ती आणि एक मी. … आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दे फोन मॅडमना.

दे म्हणते ना. तुझ्या नोकरीचं मी बघत नाही आत्ता. दे.

नमस्कार. … हो, मीच, औषधवाली. … नाही नाही, मला सगळं समजलंय, तुमच्या माणसाने नीट समजावलंय. आता तुम्ही दोन मिनिटं ऐका. यंत्र तुमचं गुणी आहे. वाकड्यात शिरायला मला हौस नाही. या यंत्राने पाच वेळा आमच्या माणसांना मरणाच्या दारातून ओढून आणलंय, त्याचे पाय असते तर धरले असते. … हो, पण नियम तुमचा आहे. यंत्राचा नाही. … पुरावा? देते की. अकराजणांच्या सह्या आहेत, तारखेसकट. रिकाम्या कुप्या डबाभर जपून ठेवल्यात, या आणि मोजा. … माणसं दिसायला हवीत. … नाही. … नाही म्हणजे नाही, मॅडम.

नियम माझ्या दुकानातही आहे. चिठ्ठीशिवाय औषध नाही. पण चिठ्ठी असली की मी आजाऱ्याला म्हणत नाही, आधी वीसजण गोळा करून रस्त्यात उभा राहा, मला खिडकीतून बघू दे, मग देते. … तुम्हाला यश दाखवायचंय, मला कळतंय. आमच्याकडे यश असंच दिसतं. रिकामं. अंगण रिकामं, रस्ता रिकामा, खिडक्या बंद. तुमच्या पाहुण्यांना सांगा, हे रिकामं दिसायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

किती वेळ थांबेल ते? … सहा मिनिटं. मग बॅटरी संपत येते, परत फिरतं. … बरं. थांबू दे. आम्हीही थांबतो.

… हां, बाळ्या. घेतलास फोन? … मॅडम चिडल्या? चिडू देत. मी काही त्यांना गोड लागायला बोलले नव्हते.

किती दिसतायत आता? … शून्य. … शून्यच दिसणार.

काय म्हणालास? … अरे, मला का माहीत नाही त्यात काय आहे? उद्या सकाळनंतर आईचं काय, हे मला विचारतोस? मी औषधं विकते, बाळ्या. दोन दिवसांनी काय होतं, तीन दिवसांनी काय होतं, तासातासाने सांगू शकते. नको सांगायला लावूस.

एक मिनिट. … काका, कुठे निघालात? … बसा. … काका, मला कळतंय हो तुमच्या मनात काय आहे. वीसच तर माणसं, दोनच तर मिनिटं. मलाही तेच येतंय मनात, आत्ता, या क्षणाला. … तुमचे पाय तुमचे, तुम्ही जाऊन उभे राहा, मी अडवणार नाही. पण एकोणीस आणायला शाळेचं दार वाजवाल तर आधी मला ढकलावं लागेल. … हो. रागवा माझ्यावर. नंतर रागवा, हवं तेवढं.

… काही नाही रे. ड्रायव्हरकाका. दारापर्यंत गेले होते. उभे आहेत तिथेच, चौकटीला धरून. … बसले परत. तोंड फिरवून बसलेत माझ्याकडे पाठ करून.

आई हाक मारतेय. थांब, आत जाते. … आई, बाळ्याचा फोन आहे. … हो, ते वर वाजतंय ते त्याचंच. … नाही गं, पाठवलंय त्याने, तुझंही आहे त्यात. पण खाली माणसं उभी केल्याशिवाय ते टाकत नाही. … वीस. … हो. … हो आई. … सांगते.

बाळ्या, आई म्हणतेय, ‘पोरांना उघड्यावर काढून मिळालेलं मला टोचू नका.’ … मी शिकवलं नाही तिला, शपथ. … आणि म्हणतेय, गाणं मध्येच चुकलंय. तुला लहानपणीही सूर धरता येत नव्हता. … हसतोयस की रडतोयस? कळत नाहीये मला.

किती राहिलं? … एक मिनिट. … नाही, मी तुला काही कर म्हणत नाही. तुझी नोकरी, तुझ्या मॅडम.

…

वळलं? … हो. लांब चाललाय आवाज. … गेलं.

गेलं हो काका. … हो. भरलेलंच गेलं.

…

बाळ्या, ऐक ना. रडू नकोस. तू वाईट काही केलं नाहीस. चूक केलीस, ते वेगळं. तू तिकडून खाली बघतोस, आम्ही इकडून वर बघत नाही, एवढाच घोळ झाला. … पोरं सगळी आत आहेत. मास्तरीणबाई आत्ताच खिडकीतून हात करून गेल्या. चाळीसच्या चाळीस.

काय? … आमची गल्ली यादीतून काढली? ‘सहकार्य नाही’ असं लिहून? … काढू देत. परत घालायला लावू. अकरा घरं आहेत, अकरा फोन आहेत, दर तासाला एकेक लावतो. मॅडमना जेवायची उसंत मिळाली तर नाव बदलून टाकेन.

हं? … काय म्हणालास? परत बोल.

तू?

पुलावरून? … डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पुलावर काय चाललंय माहीत आहे ना? पहाऱ्यावरचे आत यायला अडवत नाहीत, चिठ्ठी असली तर औषधही आणू देतात. बाहेर सोडत नाहीत. आलास की आलास. वर्षभरात आत आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक परत गेलं नाही. … सही करून घेतात तशी. … नाही. अजिबात नाही. मी त्यासाठी भांडले नाही त्यांच्याशी. तू तिथेच राहा, तिथे बसून भांड, आम्हाला तिकडे एक तरी माणूस हवा.

नोकरी? … सोडली? कधी? … आत्ता? सगळ्यांसमोर? … मी मॅडमशी बोलत होते तेव्हाच ठरवलंस? गाढवा, मग मला सहा मिनिटं छळत का बसलास!

काय म्हणाले पाहुणे? … एक उठून उभा राहिला. … पुढे काय? … पुढे काही नाही, नुसता उभा राहिला. बरं. तेवढं तर तेवढं.

नाही बाळ्या, तरी नको. ऐक माझं. … तू मोठा झालास ते कळलं. … हो, तुझीही आई आहे. मी कधी नाही म्हटलं? … खोका तिकडे परत उतरला की तूच उचलणार. … म्हणजे तू निघालासच. मला विचारत नाहीयेस, सांगतोयस. … कोणावर गेलायस रे असा? … माझ्यावर? बरं झालं, जबाबदारी माझ्यावरच टाकलीस.

थांब, तिला सांगू दे. … आई. बाळ्या येतो म्हणतोय. … हो, इथे. … आज. … आई, अगं परत नाही जाता येणार त्याला. तू सांग ना, नको म्हणून. … आई?

… बाळ्या, ती उठून बसलीय. केस नीट करतेय.

मला रडवलंत दोघांनी मिळून. थांब, नाक पुसू दे.

हं. लिहून घे. कुप्या थर्मासात ठेव, खाली बर्फ, मध्ये जाड कापड. बर्फाला चिकटू देऊ नकोस, गोठलं की ते औषध पाणी होतं, मग एवढं करून फुकट. अकराही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवते, वेगवेगळे, प्रत्येकावर शिक्का आहे, मागतील तेवढ्याच दाखव. यंत्राचं सामान काही आणू नकोस पिशवीत, एक स्क्रूसुद्धा नको. त्यांनी विचारलं काय काम करतोस, तर सांग, बहिणीच्या दुकानात. … खोटं कुठे, आजपासून खरंच आहे. उद्यापासून गोळ्या तू कापायच्या.

पुलावर तोंड चालवू नकोस. ते काम माझं. काय म्हणतील ते ऐकून घे आणि चालत राहा.

पूल उतरलास की बाजाराच्या मागून ये, भिंतीच्या कडेने. … नाही, शाळेच्या अंगणातून नको. … जवळ पडतं, माहितेय, मीही याच गल्लीत वाढलेय. नको म्हणते ना. अंगणातून इथे कोणीच येत नाही. आणि वरून काहीही वाजलं, कितीही ओळखीचं वाजलं, तरी मान वर करायची नाही. जे दार जवळ असेल त्यात शिरायचं. कोणाचंही असो. घेतात आत, कोणी विचारत नाही.

काका, ऐकलंत का? बाळ्या येतोय, चालत. … आता तरी तोंड इकडे करा.

चल, ठेव आता. मी जिन्यात नाही, दारात उभी राहीन. … हो रे, आतल्या बाजूला. … ठेव म्हणते ना! पूल चारला बंद होतो.